मेंदू चमकला, पण डाय पोचला का? इमेजिंगमधल्या या चुका टाळा

स्लाइडवर मेंदूचा छेद हिरवा किंवा लाल दिसला की वहीत लगेच नोंद होते: डाय (रंगद्रव्य) बीबीबीच्या, म्हणजे रक्तातले बहुतेक रेणू मेंदूत न सोडणाऱ्या रक्त-मेंदू अडथळ्याच्या, पलीकडे गेला. ही नोंद बहुतेक वेळा घाईची असते. केशवाहिन्यांत उरलेलं रक्त चमकतं. वाहिनीच्या भिंतीत अडकलेला डाय चमकतो. म्हाताऱ्या उंदराचा मेंदू तर काहीही न टोचता चमकतो. रक्त-मेंदू अडथळ्यावर काम करताना सिग्नल किती आहे हे मोजण्याआधी तो नेमका कुठे आहे हे विचारायला हवं. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हा प्रश्न मागे पडल्यामुळे होतात.

हा गोंधळ या विषयाइतकाच जुना आहे. पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या शरीरात रंग टोचले, तेव्हा बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू, मज्जारज्जू कोरे राहिले. त्यांनी अर्थ लावला की मज्जासंस्थेला या रंगांची ओढच नाही. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये ट्रायपॅन ब्लू रक्तात न देता मेंदूभोवतीच्या द्रवात दिला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे ओढ होती, वाट नव्हती. ती वाट कुठे बंद होते हे १९६७ मध्ये रीज आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. रक्तात सोडलेलं हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे प्रथिन मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींमध्ये टाइट जंक्शनपाशी, म्हणजे दोन पेशींमधल्या घट्ट सांध्यापाशी, येऊन थांबलं होतं. एर्लिख यांचं निरीक्षण अचूक होतं, चुकला तो अर्थ. आपल्या प्रयोगातही बहुधा हेच होतं, म्हणून कंट्रोल (तुलनेसाठीचे गट) कुठले घ्यायचे याचा विचार डाय मागवण्याआधी व्हायला हवा.

अडणारा डाय आणि आत जाणारा डाय यांची गल्लत

काही डाय मेंदूत जाऊ नयेत म्हणूनच वापरले जातात. इव्हान्स ब्लू, सोडियम फ्लुओरेसिन, फ्लुओरेसंट डेक्स्ट्रान हे गळती शोधणारे ट्रेसर आहेत. निरोगी मेंदूत ते जवळपास दिसू नयेत, दिसले तर अडथळ्यात काहीतरी बिघडलं आहे. एमआरआयमधलं गॅडोलिनियम कॉन्ट्रास्टही याच जातीचं. ते निरोगी मेंदूत शिरत नाही, म्हणून गाठ उठून दिसते. दुसऱ्या गटातले डाय अडथळा शाबूत असताना आत जावेत अशी अपेक्षा असते. अमायलॉइड प्लाक (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारे प्रथिनाचे डाग) रंगवणारा मेथॉक्सी-एक्स०४ किंवा अॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशी दाखवणारा सल्फोरोडामाइन १०१ ही त्याची उदाहरणं. 'मेंदूत डाय जात नाही, डोस वाढवू का?' असं कोणी विचारलं आणि हातात सोडियम फ्लुओरेसिन असेल, तर डायने आपलं काम चोख केलं आहे. डोस वाढवून काही साधणार नाही.

पहिल्या गटात आणखी एक खाच आहे आणि तिथे फार चांगले प्रयोग वाया जातात. गळती एका मापाची नसते. क्लॉडिन-५ हे टाइट जंक्शनमधलं प्रथिन नसलेल्या उंदरांवरचं काम २००३ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. त्या उंदरांत सुमारे ८०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) लहान रेणू मेंदूत झिरपत होते, मोठे मात्र अडत होते, आणि वाहिन्या दिसायला शाबूत होत्या. अशा मेंदूवर फक्त इव्हान्स ब्लू वापरला असता तर अहवालात 'अडथळा ठीक' असंच आलं असतं. इव्हान्स ब्लू स्वतः ९६१ डाल्टनचा असला तरी रक्तात गेल्यावर अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटतो आणि पुढे त्या प्रथिनाच्या, म्हणजे सुमारे ६६ किलोडाल्टनच्या, वजनाने वावरतो. म्हणून एकाच ट्रेसरवर निष्कर्ष काढू नका. सोडियम फ्लुओरेसिनसारखा एक लहान आणि ७० किलोडाल्टन डेक्स्ट्रानसारखा एक मोठा ट्रेसर वेगवेगळ्या रंगांत एकत्र द्या. लहान गळला आणि मोठा अडला, तर भोक केवढं याचा अंदाजही त्याच प्रयोगात मिळतो.

उलट टोकाची चूकही होते. इव्हान्स ब्लू हात सैल सोडून दिला तर रक्तातलं अल्ब्युमिन अपुरं पडतं आणि काही डाय मोकळा फिरतो. मोकळा डाय लहान रेणूसारखा वागतो, आपण मात्र 'अल्ब्युमिन गळलं' असं लिहून मोकळे होतो. नेहमीचा २ टक्के द्रावणाचा, किलोला ४ मिलिलिटर हा डोसही भरपूरच आहे. त्याच्या वर जाण्याआधी प्लाझ्मात मोकळा डाय किती उरतो ते एकदा तपासून घ्या.

फक्त रेणूचं वजन बघणं

'रेणू ५०० डाल्टनच्या आत आहे, जाईल' हे वाक्य प्रत्येक ग्रुप मीटिंगमध्ये ऐकू येतं. सोडियम फ्लुओरेसिन ३७६ डाल्टनचं आहे आणि जात नाही. डोपामिन तर जेमतेम १५३ डाल्टनचं, तेही जात नाही, म्हणूनच पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामिन न देता लेव्होडोपा देतात, ज्याला अमिनो आम्लांच्या वाहकाचा आधार मिळतो. वजन ही पहिली चाळणी झाली. त्यानंतर रेणूवरचा विद्युतभार, हायड्रोजन बंध देऊ शकणाऱ्या गटांची संख्या, ध्रुवीय पृष्ठभाग आणि तेल-पाण्यातली वाटणी या सगळ्या गोष्टी येतात. ध्रुवीय पृष्ठभाग साधारण ९० चौरस अँगस्ट्रॉमच्या खाली आणि लॉगपी (तेल-पाण्यातल्या वाटणीचा आकडा) २ ते ३ च्या आसपास असेल तर आशा धरायला हरकत नाही. कायमचा भार वाहणारे गट, विशेषतः ऋण भाराचा सल्फोनेट, असतील तर सहसा आशा सोडा.

अमायलॉइड रंगवणाऱ्या डायची कहाणी या बाबतीत फार शिकवून जाते. काँगो रेड आणि थायोफ्लेविन टी हे दोघेही कापलेल्या मेंदूवर अमायलॉइड उत्तम रंगवतात, पण जिवंत प्राण्याच्या रक्तातून दिले तर उपयोग नाही. काँगो रेडवर दोन सल्फोनेट गट आहेत. थायोफ्लेविन टी लहान आहे, पण त्याच्या एका नायट्रोजनवर मिथाइल गट बसल्यामुळे कायमचा धन भार आहे. पिट्सबर्गच्या गटाने तो मिथाइल काढून रेणू भाररहित केला, पुढे त्यावर एक हायड्रॉक्सिल जोडला, आणि त्यातून कार्बन-११ लावलेलं पिट्सबर्ग कंपाउंड बी आलं. माणसांमधल्या पीईटी स्कॅनचा त्याचा पहिला अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. काँगो रेडच्या घराण्यातूनही असाच भार उतरवत मेथॉक्सी-एक्स०४ तयार झाला. तो ३४४ डाल्टनचा, भाररहित आणि आत जाणारा आहे. दोन्हीकडे डोस वाढवून किंवा अडथळा फोडून प्रश्न सुटला नाही, रेणू बदलावा लागला. नव्या विद्यार्थ्याने डाय निवडण्याआधी या रेणूंच्या रचना शेजारी शेजारी काढून बघाव्यात. तासाभरात जेवढं कळतं तेवढं दहा लेख वाचून कळत नाही.

पण भार काढून रेणू तेलकट करत सुटलं की नवी अडचण येते. फार तेलकट डाय प्लाझ्मातल्या प्रथिनांना चिकटतो, यकृतात जातो, आणि जो मेंदूत पोचतो तो मायलिनने (चेतातंतूंवरच्या चरबीच्या आवरणाने) भरलेल्या पांढऱ्या भागात रेंगाळतो. मग सगळीकडे मंद प्रकाश दिसतो आणि लक्ष्य कुठलं ते कळेनासं होतं. पांढऱ्या भागातला हा सिग्नल अमायलॉइड पीईटी वाचणाऱ्या डॉक्टरांनाही चांगला परिचयाचा आहे. आत जाण्याइतकंच, न चिकटलेला डाय धुऊन बाहेर पडणंही महत्त्वाचं आहे. मेथॉक्सी-एक्स०४ टोचून लगेच इमेजिंग केलं तर पार्श्वभूमी उजळ येते, एक दिवस थांबलं तर प्लाक स्वच्छ दिसतात.

याच मुद्द्याला जोडून एक चूक अशी आहे की ती मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिच्यावरून औषधांबद्दलचे निष्कर्ष काढले जातात. औषधाचा रेणू मेंदूत जातो का हे बघायला त्याला सायनाइन-५सारखा फ्लुओरेसंट टॅग लावतात. औषध ३०० डाल्टनचं, टॅग त्याहून मोठा, त्यावर अनेकदा सल्फोनेट. आता शरीरात फिरतोय तो तिसराच रेणू आहे. तो मेंदूत गेला नाही म्हणून औषध जात नाही असं होत नाही, आणि तो गेला म्हणून औषध जातं असंही नाही. लहान रेणूंसाठी टॅग न लावता मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजा किंवा एखादा अणू किरणोत्सारी समस्थानिकाने बदला. टॅगचा मार्ग अँटिबॉडी किंवा नॅनोकण अशा मोठ्या वस्तूंसाठी ठेवा, आणि तिथेही नुसता टॅग टोचलेला एक गट घ्याच.

आत शिरलेल्याला बाहेर काढणारे पंप विसरणं

केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींवर रक्ताच्या बाजूला पी-ग्लायकोप्रोटीन आणि बीसीआरपी असे पंप असतात. पेशीत शिरलेले अनेक तेलकट रेणू ते पुन्हा रक्तात ढकलतात. रोडामाइन १२३ हा पी-ग्लायकोप्रोटीनचा इतका ठरलेला गिऱ्हाईक आहे की पंपाची तपासणीच त्याच्यावर करतात. होख्स्ट ३३३४२ दोन्ही पंपांकडून बाहेर फेकला जातो. कागदावर सगळे आकडे बरोबर असून मेंदू कोरा राहतो तेव्हा पहिला संशय इथे घ्यावा.

या पंपाची ताकद योगायोगाने दिसली होती. नेदरलँड्समध्ये पी-ग्लायकोप्रोटीनचं एक जनुक काढलेले उंदीर पाळले होते. त्यांना माइट्स झाल्या म्हणून नेहमीसारखं आयव्हरमेक्टिन दिलं आणि ते मरायला लागले. साध्या उंदरांना जे औषध बाधत नाही, ते या उंदरांच्या मेंदूत कितीतरी पटींनी साठलं होतं. १९९४ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. तुमच्या डायबाबत शंका असेल तर एलाक्रिडार किंवा टारिक्विडार ही पंप बंद करणारी औषधं देऊन तोच प्रयोग पुन्हा करा. मेंदूतलं प्रमाण वाढलं तर पंप जबाबदार. मात्र त्याच वेळी प्लाझ्माही मोजा, कारण पंप बंद केल्यावर यकृत आणि मूत्रपिंडातून डाय बाहेर पडणंही मंदावतं आणि रक्तातली पातळीच वर जाते. नुसता मेंदूचा आकडा वाढलेला दाखवून पंप सिद्ध होत नाही. मेंदू आणि प्लाझ्मा यांचं गुणोत्तर हवं, आणि जमल्यास दोन्हीकडे न चिकटलेल्या, मोकळ्या अंशाचं गुणोत्तर हवं.

द्रावणातले घोळ

डाय डीएमएसओ या द्रावकात विरघळला, सलाइनमध्ये मिसळल्यावर बाटली स्वच्छ दिसली, टोचला. रक्तात गेल्यावर तो साका धरतो, बारीक कण केशवाहिन्यांत अडकतात आणि चित्रात टपोरे ठिपके दिसतात. हे ठिपके प्लाक किंवा पेशी म्हणून मोजले गेले तर पुढचं सगळंच चुकतं. टोचण्याआधी अंतिम द्रावणाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दोन मिनिटांचं काम आहे. डीएमएसओचं प्रमाण जास्त झालं तर तो स्वतःच अडथळा सैल करू शकतो, म्हणून डायशिवाय नुसतं द्रावण दिलेला गट हवाच, आणि त्या गटात एक गळतीचा ट्रेसरही द्या. इंडोसायनिन ग्रीन हा डाय सलाइनमध्ये विरघळवू नका, त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात. ते निर्जंतुक पाण्यात तयार करून लगेच वापरायचं असतं, रात्रभर ठेवायचं नसतं.

अणुवैद्यकात काम करणाऱ्यांना वेळेचं हे गणित पाठच असतं. मेंदूचा रक्तपुरवठा दाखवणारं टेक्नेशियम एचएमपीएओ तेलकट असल्यामुळे आत जातं आणि आत गेल्यावर त्याचं पाण्यात विरघळणारं रूप होऊन तिथेच अडकतं. अडचण अशी की हा बदल कुपीतही होत राहतो. स्थिरक न घातलेलं एचएमपीएओ बनवल्यापासून अर्ध्या तासात द्यावं लागतं. जनरेटरमधून काढलेलं टेक्नेशियमही ताजं, दोन तासांच्या आतलं लागतं. मेंदू फिका आणि बाकी शरीर उजळ असं स्कॅन आलं तर रुग्णाच्या मेंदूबद्दल काही बोलण्याआधी कुपीची वेळ आणि रेडिओकेमिकल शुद्धतेची पट्टी बघा. शिळ्या कुपीपायी माणसाचा अहवाल बिघडू नये.

परफ्यूजन (वाहिन्यांतलं रक्त धुऊन काढणं): इथे सगळ्यात जास्त चुका होतात

मेंदूच्या आकारमानाचा सुमारे २ ते ३ टक्के भाग रक्ताने व्यापलेला असतो. आता हिशेब करा. प्लाझ्मात डायची पातळी १०० एकक आहे. मेंदू न धुता काढला, वाटला, मोजला आणि २ एकक आले. '२ टक्के डाय आत गेला' असं लिहिण्याचा मोह होतो, पण एवढा आकडा केशवाहिन्यांतल्या रक्तातूनच येऊ शकतो. म्हणजे मेंदूच्या ऊतीत कदाचित शून्य गेलं. प्रसिद्ध झालेल्या नॅनोकणांच्या कितीतरी दाव्यांत सगळं या दोन-तीन टक्क्यांवर उभं असतं, आणि वाचताना मी सर्वात आधी पद्धतीच्या भागात परफ्यूजनची ओळ शोधते.

हृदयातून पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) सोडून मेंदू धुण्याचं काम सोपं वाटतं, पण ते हाताला बसायला वेळ लागतो. सुई डाव्या निलयात असावी, उजवं अलिंद लगेच कापावं. काही क्षणांत यकृताचा रंग उतरायला लागला पाहिजे. फुप्फुसं फुगली किंवा नाकातून पाणी आलं तर सुई पडदा भेदून उजव्या बाजूला गेली आहे, हळूच मागे घ्या. बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत सोडत राहा. उंदराला साधारण २० ते ३० मिलिलिटर लागतात. घाई करून सिरिंज जोरात दाबू नका, कारण दाब जास्त झाला तर केशवाहिन्या फाटतात आणि तुम्हीच गळती तयार करता. पंप किंवा उंचीवर टांगलेली बाटली हाताच्या दाबापेक्षा चांगली. मेंदू काढल्यावर पृष्ठभागावर लाल रेषा दिसत असतील तर तो नमुना संख्यात्मक मोजणीतून वगळा. किती नमुने वगळले आणि का, हेही लिहा. वगळण्याचा नियम मात्र प्रयोगाआधी ठरलेला हवा, आकडे बघितल्यावर ठरवलेला नव्हे.

परफ्यूजन उत्तम झालं तरी थोडं रक्त राहतंच. म्हणून शेवटच्या काही मिनिटांत ७० किलोडाल्टनचा दुसऱ्या रंगाचा डेक्स्ट्रान देऊन ठेवा. तो वाहिन्यांतच राहतो, त्यामुळे मेंदूत जेवढा तो सापडेल तेवढं रक्त उरलं असं धरून वजावट करता येते. अडथळा आधीच फुटलेल्या प्राण्यांत ही वजावट चालत नाही, तिथे डेक्स्ट्रानही बाहेर पडलेला असू शकतो.

एक सल्ला डेक्स्ट्रान मागवणाऱ्यांना. साधा फ्लुओरेसंट डेक्स्ट्रान फॉर्मल्डिहाइडने ऊतीत पक्का होत नाही. छेद धुताना तो निघून जातो किंवा इकडेतिकडे पसरतो. छेदावर बघायचं असेल तर लायसीन जोडलेला, फिक्स होणारा प्रकार घ्या. शिवाय स्वस्त एफआयटीसी-डेक्स्ट्रानच्या कुपीत मोकळ्या फ्लुओरेसिनचा अंश असू शकतो. गळती त्याची होते आणि नाव ७० किलोडाल्टनचं होतं. लहान रेणू वेगळे करणाऱ्या डीसॉल्टिंग कॉलममधून एकदा काढून घ्या.

भिंतीत अडकलेला डाय 'पोचला' म्हणून धरणं

मेंदू वाटून मोजला की वाहिन्यांची भिंत आणि मेंदूची ऊती एकाच नळीत येतात. ट्रान्सफेरिन रिसेप्टरला (अस्तरपेशींवरच्या, लोह आत नेणाऱ्या ग्राहीला) धरून आत जाणाऱ्या अँटिबॉडींमध्ये ही अडचण ठळकपणे दिसली. अँटिबॉडी रिसेप्टरला जितकी घट्ट धरेल तितकी चांगली असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात फार घट्ट धरणारी अँटिबॉडी पलीकडे सुटतच नाही, अस्तरपेशीत अडकते. जेनेन्टेक या औषध कंपनीच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की पकड थोडी सैल केली तर मेंदूत जास्त पोचतं. वाटलेल्या मेंदूत दोघीही 'आत' दिसू शकतात. म्हणून घनतेनुसार वेगळं करून केशवाहिन्या बाजूला काढण्याची कॅपिलरी डिप्लीशन पद्धत वापरा, निदान एकदा तरी.

छेदावर बघत असाल तर वाहिन्या टोमॅटो लेक्टिन किंवा सीडी३१ या वाहिन्यांच्या मार्करने रंगवा आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर थरांथरांत बघा. साध्या फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकावर वाहिनीच्या वर-खालचा प्रकाश शेजारच्या न्यूरॉनमध्ये असल्यासारखा दिसतो. वाहिन्यांना लागून असलेल्या पेरिसाइट आणि पेरिव्हॅस्क्युलर मॅक्रोफेज या पेशी डाय गिळून बसतात. त्यांना न्यूरॉन समजू नका, प्रत्येक पेशीप्रकाराला त्याचं मार्कर लावा.

जे मुळातच चमकतं

वय वाढलेल्या मेंदूत लिपोफ्युसिन हे पेशीतल्या टाकाऊ पदार्थांचं रंगद्रव्य साठतं. ते जवळपास सगळ्या रंगांत चमकतं, ठिपक्याठिपक्यांचं असतं, पेशीच्या आत असतं, म्हणजे हुबेहूब नॅनोकण शिरल्यासारखं. अल्झायमरच्या मॉडेलमधले उंदीर बऱ्याचदा म्हातारे असतात, त्यामुळे या क्षेत्रात धोका दुप्पट. डाय न दिलेल्या, त्याच वयाच्या प्राण्याचा छेद त्याच एक्स्पोजरवर काढल्याशिवाय चित्र दाखवू नका. तुमचा डाय एकाच चॅनेलमध्ये दिसायला हवा. तोच ठिपका हिरव्यातही आणि लालमध्येही दिसला तर तो बहुधा लिपोफ्युसिनचा आहे. सुदान ब्लॅक बीने तो दबतो.

मोजणीच्या टप्प्यावरही सिग्नल फसवतो. फ्लुओरेसिन आम्लात मंदावतं. ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने प्रथिनं काढून तसंच वाचलं तर डाय असूनही कमी दिसतो, आधी पीएच ८ च्या वर आणा. इव्हान्स ब्लूसाठी फॉर्मामाइडमध्ये ५५ ते ६० अंशांवर दिवसभर ठेवून अर्क काढतात. त्याचा स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांचा तुलना-आलेख) नुसत्या फॉर्मामाइडमध्ये काढू नका, डाय न दिलेल्या मेंदूच्या अर्कात काढा. शून्य कुठे आहे ते तेव्हाच कळतं.

सल्फोरोडामाइन १०१ वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की हा डाय स्वतः न्यूरॉनच्या हालचालीत ढवळाढवळ करू शकतो. झटक्यांसारखी विद्युत क्रिया त्याच्यामुळे दिसल्याचे अहवाल आहेत. अॅस्ट्रोसाइट रंगवून त्याच मेंदूत झटक्यांचा अभ्यास करायचा असेल तर दुसरा मार्ग शोधा.

अडथळा मुद्दाम उघडताना

अडथळा तात्पुरता उघडायला कॅरोटिड धमनीतून दिलं जाणारं २५ टक्के मॅनिटॉल थंडीत स्फटिक धरतं. गरम पाण्यात ठेवून पूर्ण विरघळवा, शरीराच्या तापमानाला आणा, फिल्टर लावून द्या. धमनीतून ते अशा वेगाने जायला हवं की काही क्षण तिथलं रक्त बाजूला सरेल. वेग कमी पडला की ते रक्तात पातळ होतं आणि काहीच उघडत नाही.

फोकस्ड अल्ट्रासाउंड आणि मायक्रोबबल (एका जागी एकवटलेल्या ध्वनिलहरी आणि रक्तात सोडलेले सूक्ष्म बुडबुडे) ही अडथळा उघडण्याची पद्धत हिनिनेन यांच्या गटाने २००१ मध्ये सशांवर दाखवली आणि आता ती रुग्णांवरच्या चाचण्यांत आहे. छोट्या प्रयोगशाळेत निकाल रोज बदलतो अशी तक्रार येते. आधी भूल बघा. आयसोफ्लुरेन ऑक्सिजनबरोबर दिलं तर बबल रक्तात कमी टिकतात, साध्या हवेबरोबर दिलं तर परिणाम वाढतो. एका गटाला एक भूल आणि दुसऱ्याला दुसरी असं चुकूनही होऊ देऊ नका. मग सिरिंज बघा. बबल वर तरंगून गोळा होतात, म्हणून देण्याआधी हलकेच उलटसुलट करावी लागते, आणि बारीक सुईतून जोरात ढकलले तर ते फुटतात. त्यानंतर डायचं माप बघा. एमआरआयवर गॅडोलिनियम आत गेलेलं दिसलं म्हणून दीडशे किलोडाल्टनची अँटिबॉडीही गेली असं धरता येत नाही. उघडलेली वाट काही तासांत आक्रसत जाते आणि मोठ्या रेणूंसाठी ती आधी बंद होते.

शस्त्रक्रियागृहात

ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या) शस्त्रक्रियेत ५-एएलए हे औषध तोंडाने, किलोला २० मिलिग्रॅम, भूल देण्याच्या सुमारे तीन तास आधी देतात. गाठीच्या पेशी त्यातून प्रोटोपॉर्फिरिन ९ बनवतात आणि निळ्या प्रकाशात लाल चमकतात. वेळ चुकली की चमक चुकते, म्हणून यादीतला रुग्ण मागेपुढे झाला तर फार्मसीला आणि भूलतज्ज्ञांना लगेच कळवायला हवं. २४ ते ४८ तास तीव्र प्रकाश टाळायचा हे नातेवाइकांना मराठीत, लिहून द्या. कमी दर्जाच्या ग्लायोमात अडथळा बराचसा शाबूत असतो आणि अनेकदा चमक येतच नाही. चमक नाही म्हणजे गाठ नाही, असा अर्थ इथे काढता येत नाही. फ्लुओरेसिनची चूक उलटी होते. ते अडथळा फुटलेल्या कोणत्याही जागी झिरपतं, त्यात गाठीभोवतीची सूज आली आणि शस्त्रक्रियेत दुखावलेली कडही आली.

काहीच दिसत नसेल तेव्हा

डोस वाढवण्याआधी क्रमाने जा. वाढीव डोससाठी आयएईसीची (संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची) मंजुरी पुन्हा लागते, आणि प्राण्याचा जीव चुकीच्या प्रश्नावर खर्च होऊ नये.

आधी रक्त. टोचल्यावर पाच मिनिटांनी घेतलेल्या थेंबात डाय आहे का? नसेल तर शेपटीतली शीर हुकली आहे आणि डाय कातडीखाली बसला आहे. रक्तात असेल तर मेंदूतल्या ज्या जागांना अडथळाच नाही तिथे बघा: एरिया पोस्ट्रेमा, मीडियन एमिनन्स, पिनियल ग्रंथी. या जागा रंगल्या आणि कॉर्टेक्स कोरा राहिला तर टोचणं, परफ्यूजन, सूक्ष्मदर्शक सगळं ठीक आहे, डाय खरोखरच अडला आहे. याही जागा कोऱ्या असतील तर डाय फिक्सिंगमध्ये धुतला गेला, प्रकाशात विझला किंवा फिल्टर चुकीचा आहे.

मग वेळ. पाच मिनिटं, अर्धा तास, दोन तास, एक दिवस असे वेगवेगळे प्राणी घ्या. काही डाय आत जाऊन पहिल्या अर्ध्या तासात बाहेरही पडलेले असतात.

मग प्लाझ्मातला मोकळा अंश. ९९ टक्क्यांहून जास्त डाय प्रथिनांना चिकटलेला असेल तर आत जायला फारसं काही उरत नाही. त्यानंतर पंप बंद करून एक फेरी. आणि हे सगळं होऊनही कॉर्टेक्स कोराच असेल, तर तो डाय जिवंत मेंदूसाठी नाही. कापलेल्या छेदांसाठी तो कपाटात ठेवा, आणि रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यासमोर त्याची रचना काढून भार कुठल्या अणूवर आहे ते दोघांनी मिळून बघा.